‘कटकट’ नावाचा फोन

३ मार्च, सकाळी ११
इंटरनेटवाला येऊन गेला. राउटरच्या पोटावर चिकटवलेला पासवर्ड त्याने दाखवला. आता घरातला कोणता फोन किती वाजता कोणत्या साइटवर गेला, सगळं मला दिसतं. आत काय वाचलं ते दिसत नाही, नुसतं साइटचं नाव. माझ्यासारख्याला तेवढं पुष्कळ. एकतीस वर्षं दुकानदारांची वजनं-मापं तपासली. तराजूला हात न लावता, नुसत्या चेहऱ्यावरून सांगायचो माप किती खोटं आहे ते.
घरात माणसं तीन. मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ. हा स्कूटरवरून पडला, पाय मोडून घेतला आणि आता प्लॅस्टरसकट माझ्या सोफ्यावर पसरलाय. दीड महिना मुक्काम. बायकोला वाटतं, त्याला घालवायला मी निमित्त शोधतोय. साफ खोटं. मला पुरावा हवाय.
संकल्प: रोज अर्धा तास तपासणी, रोज एक तास चालणं.

४ मार्च
चालणं उद्यापासून. तपासणी केली. यादीत फोन तीन. पहिल्याचं नाव ‘मी’. हा बायकोचा. या घरात ‘मी’ म्हणायचा अधिकार तिलाच. दुसरा ‘लंगडा घोडा’, म्हणजे मेव्हणा. तिसरा ‘कटकट’.
माझा फोन यादीत नाही. बरोबरच आहे. तपासायला आलेल्या साहेबाचं वजन कोणी करत नाही.
म्हणजे मेव्हण्याने दुसरा फोन लपवलाय.
दुपारी आडवा झालो. झोप लागेना म्हणून बुद्ध्यांक चाचणी दिली. १३८. (सहाव्या वेळी. आधीचे प्रश्न दिशाभूल करणारे होते.)

५ मार्च, दुपारी ४
सापडला. ‘कटकट’ काल दुपारी बुद्ध्यांक चाचणीच्या साइटवर, एकदा नाही, सहा वेळा. डोक्याने बेताचाच असावा. त्याआधी टकलावर केस उगवण्याची साइट. मेव्हण्याच्या डोक्यावर तर जंगल आहे. म्हणजे आळ माझ्यावर यावा म्हणून मुद्दाम केलंय. पोचलेला आहे.
बायको वाटाणे सोलत होती. तिला सूचक बोललो, की या घरात कोणीतरी दुपारचं टकलाबद्दल वाचतं. ती म्हणाली, काखेत कळसा. पुढचं बोलली नाही. कसला कळसा ते उद्या विचारीन.

७ मार्च
चालणं रद्द. गुडघा. ‘कटकट’चं काही खरं नाही. काल सकाळी निवृत्तांनी वेळ कसा घालवावा याची साइट. दुपारी नवरा-बायकोंना सल्ला देणारी. मग आयुष्य किती उरलं ते सांगणारी. (ही मीही सहज पाहिली होती. मला अजून एकोणीस वर्षं दिली आहेत. लगेच बायकोला सांगितलं. ती नुसतं ‘अरे देवा’ म्हणाली. आनंदाने असावं.)
मेव्हण्याची पिशवी उलटी करून पाहिली. उशीखाली पाहिलं. दुसरा फोन नाही. राहता राहिलं प्लॅस्टर.

८ मार्च
मेव्हणा झोपला असताना प्लॅस्टर चमच्याने ठोकून पाहिलं. पोटरीपाशी आवाज पोकळ येतो. तो जागा झाला आणि म्हणाला, भावजी, या आत, दार उघडंच आहे. एवढी थट्टा फक्त चोराला सुचते.

९ मार्च
जेवणाच्या टेबलावर यादी वाचली. मोठ्याने, वेळेसकट. मेव्हणा आधी हसत होता, मग हसायचा थांबला. बायको ताटातच बघत होती. वाचून झाल्यावर तो म्हणाला, जाऊ द्या हो भावजी, हा माणूस फार एकटा दिसतो. चोर चोर मावसभाऊ असतात हे ऐकलं होतं. स्वतःचीच कीव करणारा चोर पहिल्यांदा पाहिला. सांगून टाकलं, दुसरा फोन टेबलावर ठेव, नाहीतर उद्या बाराच्या आत सोफा रिकामा कर. बायकोने विचारलं, असला पाय घेऊन कुठे जाईल तो. मी म्हटलं, मापात खोट सापडली की दुकानाला सील. तिथे नातं बघत नाहीत.
कितीतरी वर्षांनी जेवताना सगळ्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

१० मार्च, दुपारी १२:३०
सोफा रिकामा. मेव्हणा आपल्या गावी गेला. तिथे त्याचं करायला कोणी नाही, म्हणून बायकोही गेली. मोठी बॅग घेऊन.
मेव्हणा कुबड्या टेकत लिफ्टपाशी गेल्यावर ती दारात थांबली. म्हणाली, अहो, तो फोन तुमचाच आहे. नवा आणलात त्याच दिवशी मी ते नाव घातलं. म्हटलं, आज ना उद्या वाचाल आणि दोघं मिळून हसू.
मग काल का बोलली नाहीस, मी विचारलं. म्हणाली, माझ्या भावासमोर तुमची शोभा नको म्हणून. त्याला तर यादी ऐकतानाच कळलं होतं. तोही त्याचसाठी गप्प बसला.
मी म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तुमची परीक्षा घेत होतो.
ती ‘बरं’ म्हणाली आणि बॅग उचलली.
सोफ्यावर झोपून पाहिलं. स्प्रिंग टोचते. दीड महिना इथे झोपणार होता तो.

११ मार्च
संकल्प: फोनचं नाव बदलून ‘साहेब’ करणे. तासभर खटपट केली. जमलं नाही. ती आली की करून घेईन.

१४ मार्च, सकाळी ८
तिचा फोन नाही. मीही करणार नाही, मलाही काही स्वाभिमान आहे. आला तर लगेच उचलायचा नाही. तिसऱ्या रिंगला उचलीन. दुसऱ्या.
चालायला गेलो नाही. रस्त्यात रेंज जाते.
सवयीने यादी उघडली. एकच फोन.
‘कटकट’. ७:१०, बसच्या वेळापत्रकाची साइट. ७:१४, तीच. ७:४०, तीच.
तिकिटाच्या साइटवर गेलेला दिसत नाही.