शह म्हणायची सवय

रविवार, सांजच्याला. जालना.

आज बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेल्तो. सुरुवात अण्णांचीच, म्हंजे वडलांचीच केली, आधी दोन्ही घोडे बाहेर, मंग प्यादी. त्यांनी गावाकडं टेंभुर्णीत ओट्यावर बसून तेवढीच शिकवली. समोर कॉलेजातली पोरगी. डाव चांगला जमून आल्ता. उंटानं तिच्या राजाला धरलं आन् तोंडातून निघूनच गेलं, "शह." गावात तोंडानं म्हणल्याशिवाय शह धरतच नव्हते. अण्णा तर ओरडायचे, "मुका हायेस का रे?"

पंच जवळ आले. हळूच म्हणले, "काका, स्पर्धेत शह तोंडानं सांगत नसतेत. तिला दिसतंय की."

बराबर हाये त्यांचं. पण मंग माझं चित्तच लागलं न्हाई. वजीर फुकट गेला. पोरीनं हात मिळवला, गेली.

हरल्याचं काही न्हाई. दुसरंच डोक्यात बसलंय. आज दिवसभरात मी एवढा एकच शब्द बोललो का? एरवी मिलमधे मशिनीपुढं कुणाला ऐकू येत न्हाई, आन् बायको गेल्यापासून खोलीवर ऐकायला कुणी न्हाई.

आत्ता पट मांडून बसलोय. आधी दोन्ही घोडे. मघाशी मोठ्यानं म्हणलो, "शह."

समोरचा राजा मलाच हलवावा लागला.