बाबाच्या ठेक्यातला वॉल्ट्झ

बाबा,

तू गेल्याला सहा वर्षं झाली आणि उलव्याच्या घरात मी अजून तुझ्या खुर्चीवर बसत नाही. लाज वाटते.

खारघरच्या क्लासमध्ये सरांनी मला व्हायोलिनवर फिनलंडच्या एका संगीतकाराचा छोटासा, उदास वॉल्ट्झ दिला होता, तीन मात्रांच्या संथ नाचाचा. मी घरी तोच तोच वाजवायचे आणि तू ओट्यापाशी सुके बोंबील साफ करत ऐकायचास. एकदा विचारलंस, "यात काय चाललंय गो?" मी सांगितलं, एक बाई मरायला टेकलेली असते, तिला संगीत ऐकू येतं, ती अंथरुणातून उठून नाचते आणि शेवटी दारात मृत्यू येऊन उभा राहतो. तुझे हात थांबले. "तुजी आयस पन आशीच उठून बसलेली," म्हणालास. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

चार दिवसांनी तू माळ्यावरून क्लॅरिनेट काढलंस. जन्म लग्नाच्या बॅण्डमध्ये गेलेला, नोटेशन कशाशी खातात ठाऊक नाही, पण कानाने सगळं उचललं होतंस. फक्त ठेका बॅण्डचा. ती मरणारी बाई थेट हळदीतच नाचायला लागली. मी ओरडले, "बाबा, बंद कर! वाट लावलीस. वरातीचं गाणं आहे का हे?" तू क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती पुसलीस, पेटी बंद केलीस. जेवताना एवढंच म्हणालास, "मी गेलो का ता गानं वाजवशील ना?" मी हो म्हटलं.

तू गेलास त्या सकाळी बिल्डिंगखाली तुझे बॅण्डवाले गणवेशात उभे, वाद्यं काखेत. कॉर्नेटवाले काका पुढे आले. "पोरी, तुज्या बापानी आमच्याकरनं ता तुजा गानं बसवून घेतलंय. सांगून ठेवलंय, पोर सुरू करल, मंग तुमी." म्हणजे मी ओरडल्यावर तू थांबला नव्हतास, फक्त माझ्यासमोर वाजवत नव्हतास. आणि मागे माझे सर, क्लासमधली मंडळी. यांच्यादेखत वरातीच्या ठेक्यात? मी माझ्या गाडीतून व्हायोलिन आणलं आणि लोंबणारी तार दाखवली. "काका, तुटली." काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी सुरू केल्याशिवाय ते वाजवणार नव्हते. तुला भजनावर नेलं.

काका आता थकलेत. भेटले की विचारतात, "पोरी, तार टाकलीस का नवी?" मी मान हलवते आणि निघते. त्यांना वाचून दाखवीन म्हणून हे लिहायला घेतलं, पण माझ्याच्याने होणार नाही. व्हायोलिनच्या पेटीत ठेवून देईन.

तार तुटली नव्हती, बाबा. गाडीचं दार लावून घेऊन मीच ती खुंटीवरून सोडवली होती.