झाकण बाहेरून बंद होते

रत्नागिरी, गुरुवार, सायंकाळी साडेसात

माझी मुलगी मृणाल उद्या संशोधनासाठी छोट्या पाणबुडीतून खोल समुद्रात उतरणार आहे. तिच्या संमतीपत्राचे प्रत्येक पान मी वाचले होते, दोन ठिकाणी तारखाही दुरुस्त करून घेतल्या होत्या. आणि आज जहाजावरून फोनवर ती सहज म्हणाली, "बाबा, झाकण बाहेरून बोल्टने बंद करतात. आतून उघडत नाही."

बाहेरून! हे मी कसे विचारले नाही?

"आणि खाली अडकलात तर?"

"आधी आम्ही सापडायला हवं. पाण्याखाली रेडिओ चालत नाही. तेवढ्या खोल जाणारं दुसरं यान येईपर्यंत हवा पुरायला हवी." मग हसली. "आपणहून वर आलो, तरी पाना घेऊन कुणीतरी यायला हवंच!"

मला हसता आले नाही. बोल्ट बाहेरून.

शेजारच्या, मासेमारीची बोट चालवणाऱ्या तांडेलांना सांगितले. ते म्हणाले, "भाऊ, बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की मी कमरेला दोरी बांधून उतरतो. दोरी सख्ख्या भावाच्याच हातात देतो. पण एवढ्या खोल दोरी पोचायची कशी?"

मृणालला पुन्हा फोन लावला. 'जाऊ नकोस' म्हणायचे होते. "झाकण कोण लावणार, त्याचं नाव विचारून ठेव," एवढेच म्हणालो.

ती थट्टा करील असे वाटले होते.

"बाबा, ते मी पहिल्याच दिवशी विचारलंय."