हर्षालीला वाचून दाखव

गंगाखेडच्या अलीकडं, कापसाच्या रानातून
२० नोव्हेंबर २०२४

चि. ललिता हीस,

तुझा दादा हिरामण याचा आशीर्वाद. वि. वि. तिसरीच्या शाळेतलं पत्राचं एवढंच डोक्यात राहिलंय, पुढचं माझ्या मनानं लिहितो. चुका काढशील तर काढ, मला कळवू नको.

फोन असताना कागद का, तर इथं मालक फोन स्पीकरवर लावून शेजारी बसतो आणि तिकडं बाबा सगळ्या पाड्याला ऐकवतो. म्हणून प्रतिभा मॅडमच्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. त्यांना माझा नमस्कार सांग.

मेंढरं सध्या वेचणी झालेल्या रानात बसतात. महिनाभर तरी तळ हलणार नाय. एका जागी राहिलं की माझे पाय वळवळतात, तुला माहीतच हाय. होळीला घरी येतो तेव्हाही दुसऱ्या दिवशी कुंपणाबाहेर जाऊन उभा राहतो.

लिहायचं कारण वेगळंच. काल मालक हसत हसत बोलला की भात झोडून झाला की तो हरसूलकडं जाणार, आपल्या धाकट्या हर्षालीला कोकरं राखायला आणणार. बाबा हो म्हणालाय. बदल्यात एक गाभण मेंढी. मला वाटलं चेष्टा करतोय. खरं काय ते लिही. चहाच्या टपरीचा पत्ता मागं लिहिलाय.

तब्येतीला जपा.

तुझा दादा
हिरामण


२९ नोव्हेंबर

ती. हिरादादास,

ललिताचा सा. न. वि. वि. तुझ्या चुका मोजल्या. कळवू नको म्हणालास म्हणून गप्प बसते.

मालक बोलला ते खरं आहे. मी बाबाशी भांडले. पोरगी आठ वर्षांची आहे म्हटलं, तर म्हणाला, हिरामण तेवढाच होता, तो काय मेला का? चांगला बाप्या झाला. आई चुलीकडं तोंड करून बसते.

मॅडम घरी येऊन गेल्या. बाबा त्यांना म्हणाला, आमची पोर स्वतःच्या पायानं चाललीय, तिलाच विचारा. दादा, खरी अडचण तिथंच आहे. हर्षालीलाच जायचंय. तू फोनवर सांगतोस ना, कोकरू पोटावर झोपतं, मालकीणबाई सायीचं दूध देते, रोज नवं गाव बघायला मिळतं? तिला सगळं पाठ आहे. कोकराचं नावसुद्धा ठरवून बसलीय, कापशा. त्याला मोहाची फुलं चालतील का, असं तुला विचारायला सांगितलंय. मॅडम म्हणतात, पोरीला चारचौघांत तोंडानं नाही म्हणू दे, पुढचं मी बघते. आणि ही तर दिवसातून दहा वेळा हो म्हणते.

तूच तिला काहीतरी लिही. तुझं ऐकेल.

आणि दादा, तू तिथं बरा आहेस ना? मी हे कधी विचारलंच नाही.

तुझी
ललिता


७ डिसेंबर

चि. ललिता हीस आशीर्वाद.

खालचं हर्षालीला वाचून दाखव. वाचताना गाळावंसं वाटेल. गाळू नको.

हर्षाली, कापशा नाव लय छान. कोकरू पोटावर झोपतं तेही खरं हाय. पण लाडानं नाय. पावसात आमच्या अंगावर एकच पोतं असायचं, त्यात दोघं. सायीचं दूध कुत्र्याला मिळतं, कारण कुत्रं लांडगा अडवतं.

मी तुझ्याएवढा होतो तेव्हा रात्री मालक माझ्या पायाला दोरी बांधायचा. दुसरं टोक मोठ्या मेंढीच्या पायाला. ती उठली की मी उठायचं. लघवीला जायचं तर तिला ओढत न्यायचं. एकदा मी गाठ सोडून सडकेपर्यंत पळालो. धरून आणलं. अजून मला डाव्या कुशीवर निजता येत नाय. कोकरू हरवलं तर ते सापडेपर्यंत भाकर नाय, आणि काही कोकरं सापडतच नाहीत.

फोनवर गोड सांगायचो कारण मालक ऐकत असायचा. आणि दुसरं कारण, सांगताना मलाच बरं वाटायचं. वाटायचं, असं कुठंतरी एक पोरगं असंल.

आता मालक म्हणतो, हिरामण, बहीण तुझी, दोरी तूच बांध, तुझ्या हातची तिला टोचणार नाय. हे तो मायेनं म्हणाला. आणि मी हो म्हणालो. मला नाय म्हणायची सवयच राहिली नाय. म्हणून नाय तू म्हण. मोठ्यानं म्हण.

ललिता, तू विचारलंस त्याचं उत्तर वर आलंच. माझी काळजी करू नको, मला आता कोणी बांधत नाय. सोडलं तरी मी कुठं जाणार?

हिरामण


१८ डिसेंबर

ती. हिरादादास सा. न.

तुझं पत्र शाळेत मॅडमच्या शेजारी बसून वाचलं. एक शब्द गाळला नाही. मॅडम मधेच उठून बाहेर गेल्या. हर्षाली रडली नाही. दोरी केवढी लांब होती, एवढंच तिनं विचारलं.

रविवारी मालक आला, लाल फ्रॉक घेऊन. मॅडमनी आधीच शेजारच्या तानुबाई, शकुबाई आणि पोलीस पाटलांना बोलावलं होतं. हर्षाली दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी येणार नाही." मालकानं फ्रॉक पुढं केला, तर तेच पुन्हा म्हणाली. पाटलांनी त्याला फाटकापर्यंत पोहोचवलं. बाबा ओट्यावर मान खाली घालून बसला होता.

म्हणजे झालं ते चांगलंच झालं. पण दादा, पोर बदलली. पाय पोटाशी दुमडून झोपते. परवा तानुबाईच्या दोन्ही शेळ्या सोडून आली. एक अजून सापडली नाही आणि तानुबाई शिव्या देतेय. बाबानं हाक मारली की आधी त्याच्या हाताकडं बघते. आणि आईशी बोलणं टाकलंय. आईनं वाढलेलं ताट तसंच ठेवते, मी वाढलं तर खाते. आई काल परसात जाऊन रडली.

खालची ओळ हर्षालीनं लिहिलीय. मी खोडायला गेले तर माझा हात धरला. उत्तर आल्याशिवाय आईच्या हातचं खाणार नाही म्हणते.

तुझी
ललिता

*दादा तुला नेलं तेव्हा आईला माहीत होतं का*


२७ डिसेंबर

चि. हर्षालीस गोड पापा.

नाय. आईला माहीत नव्हतं. ती हरसूलच्या बाजाराला गेली होती, आली तेव्हा मी निघून गेलो होतो. बाबानं तिला सांगितलंच नव्हतं. लय दिवस ती सडकेवर येऊन बसायची म्हणे. आईच्या हातचं खा. तानुबाईची शेळी शोधायला जा आणि तिची माफी माग.

तुझा दादा


चि. ललिता हीस,

हा दुसरा कागद फक्त तुझ्यासाठी. वाचून चुलीत टाक.

मालक परत आल्यापासून माझ्याशी बोलत नाय. फोन काढून घेतला. उद्या तळ हलणार, पुढं कुठं ते माहीत नाय, म्हणून पत्ता देत नाय.

तू सहा वर्षांची होतीस, तुला आठवणार नाय. मालक मला न्यायला यायच्या आदल्या दिवशी आईनं कोंबडी कापली. सण कुठलाच नव्हता. पाहुणा नव्हता. तुला मानेचा तुकडा आला म्हणून तू रुसून बसलीस, तरी दोन्ही तंगड्या तिनं मला वाढल्या आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. स्वतः जेवली नाय. मी हाडंसुद्धा चघळली. मला वाटलं, माझं काहीतरी चांगलं झालं असंल.

हे मी तिला कधी विचारलं नाय. तूही विचारू नको. माझ्यावर लोभ असेल तेवढा असू दे, आईवरचा कमी करू नको.

हिरामण