ज्याची पाटी त्यानंच काढायची

४ मार्च २००२, शिरूर

आलो एकदाचा! न्हावऱ्याच्या रस्त्याला तालुक्याचं नवं सभागृह झालंय, त्याचा एसी प्लांट आजपासून माझ्या ताब्यात. आठशे खुर्च्या, अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मागं दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. वर्षभर रखडलेलं उद्घाटन वीस तारखेला. त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत गारवा पोचला तर अफताब मिस्त्री कायम आणि क्वार्टर त्याचं, असं साहेबांनी सांगितलंय. मग निखत आणि आमची छोटी रुबी वरवंडहून इथं राहायला येतील. लग्नाला चार वर्षं झाली, पण एका छपराखाली सलग चार महिनेसुद्धा राहिलो नाही आम्ही.

सोबतीला एकटे वॉचमन बबनराव. मी आबा म्हणतो. कानानं कमी, त्यामुळं स्वतः बोलतात ते पार एसटी स्टँडपर्यंत ऐकू जावं. उघडं दार दिसलं की कडी घालायची, ही त्यांची खोड. आज मलाच न्हाणीत कोंडलं! सोडवल्यावर म्हणाले, "कुत्री शिरत्यात वो, म्हून लावली." हसून हसून पुरेवाट झाली.

५ मार्च

प्लांटच्या खोलीत मेन स्विचवर पत्र्याची पाटी लटकत होती. 'माणूस आत आहे. स्विच लावू नये.' खाली नाव, ज्योतिबा.

हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्याला आम्ही डक्ट म्हणतो. तो साफ करायला शिरताना आपल्या नावाची पाटी लावायची, चपला दाराशी काढायच्या. पंखा एवढा दांडगा की मध्येच लागला तर माणूस ओढला जाईल. रांजणगावच्या कारखान्यात मारुतराव उस्तादांनी पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं, ज्याची पाटी त्यानंच काढायची.

ज्योतिबा माझ्या आधीचा मिस्त्री, निमोण्याचा. आबा म्हणाले, "गेला आसंल गावाला. चपलाबी हितंच टाकून गेला बगा. एकटा जीव, कोन इचारतंय?" याला वर्ष झालं, तेव्हापासून प्लांट बंद. डक्टच्या दाराला बाहेरून कडी होती, म्हणजे आत कोण असणार? आबांना सांगितलं, जुनी पाटी आहे, काढली तरी चालते. खिळ्यावरून काढताना खण्णकन वाजली. स्विच लावला. पंखा जरासा अडखळला, मग नीट फिरला.

९ मार्च

एकट्यानं जेवायचा कंटाळा आला. आज दुपारी स्टेजवर उभा राहून निखतला मोठ्यानं हाक मारली. आठशे खुर्च्यांतून एकही ओ आली नाही. येडपट आहे मी.

प्लांट बंद केला की डक्टवर ठक ठक ठक वाजतं. पत्रा निवताना वाजतोच म्हणा. पण हे मोजून तीन, मग थांबून पुन्हा तीन. आमच्या धंद्यात तीन ठोके म्हणजे 'मी आत आहे'. गंमत म्हणून मीही पान्यानं तीन ठोके दिले. लगेच उत्तर आलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. दिवसभरात तेवढंच कुणीतरी बोललं.

१३ मार्च

ज्योतिबाची पाटी परत स्विचवर. मी ती कपाटात ठेवली होती. आबा म्हणतात, "म्या न्हाई." काढली. मागच्या रांगा अजून गरमच. हवा कुठंतरी अडतेय.

१४ मार्च

पुन्हा पाटी. पुन्हा काढली. ठोके आता पंखा चालू असतानाही येतात — जोरात, घाईघाईनं. भीती वाटते.

बूथवरून निखतला फोन केला, यातलं काही बोललो नाही. शनिवारी दुपारी रुबीला घेऊन खोल्या बघायला येतेय.

१६ मार्च, सकाळ

मागं गारवा नाही आला तर दुसरा माणूस बघू, असं साहेब म्हणाले. आत शिरणं भाग आहे. आबा बाजाराला गेलेत. माझ्या नावाची पाटी लावली, चपला काढल्या. निखत यायच्या आत उरकतो. मापं टिपायला ही वही खिशात असू दे.

दुपार

बॅटरीच्या उजेडात लिहितोय. वळणावर ज्योतिबा आहे. गावाला गेलाच नव्हता. हाडं, शर्ट, हाडाच्या मुठीत पाना. दारापर्यंत पत्र्यावर ओरखडे —

दाराला कडी. मी उघडं ठेवलं होतं. आबा आले असणार, उघडं दिसलं असणार —

ओरडून घसा बसला. ठोकतोय. तीन. तीन. मागूनही तीन —

आबांचा आवाज! निखत आली. तिचं ऐकू येत नाही, आबांचं येतंय. "मिस्त्री गेलं आसतील गावाला. चपलाबी हितंच हायत बगा."

रुबीचे पैंजण. दाराशी. हातभर अंतरावर. या अल्ला —

ठोकतोय. तिनं विचारलं असावं, कसला आवाज. "पत्रा वाजतोय, पोरी. रोजचंच हाय. बस, लेकराला उकडतंय. गार हवा लावतो."

नको. आबा, नको — मीच सांगितलं होतं त्यांना, काढली तरी चालते — मागचा माझ्याहून जोरात ठोकतोय, तोही —

खण्ण.

माझी पाटी. ज्याची पाटी त्यानंच का