सातवी ओळ

४ मार्च
आज हृदय हातात घेतलं! म्हणजे हृदयाची झडप. कोटाच्या बटणाएवढी. आधीच्या नोकरीत मी टायर मोजायचे. इस्पितळाच्या भांडारात येऊन चार महिने झाले, तरी डबा दोन्ही हातांनी उचलते.

वहीत प्रत्येक झडपेची एक ओळ. बॅच, नंबर, तपासणी, स्थिती. झडप बसवली की डब्यावरचा स्टिकर तिच्या ओळीत चिकटवायचा, शेजारी पेशंटचं नाव. मी स्थितीत लिहिलं, ‘वापरली’. भांडाराच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “वापरली म्हणजे संपली. ही कुठे संपलीय? ‘वापरात’ लिहा.”

खरंच की! इतकी वर्षं टायर मोजले, पण हे डोक्यातच आलं नव्हतं.

११ मार्च
कंपनीचं पत्र. एका बॅचमधल्या दहा झडपांची बिजागरी कच्ची असू शकते. तीन कपाटात होत्या, लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवल्या. सात माणसांत! चालत्याफिरत्या माणसातली झडप परत कशी मागवणार?

दिवसाला दोनच तपासण्या होतात.

१२ मार्च
सहाजण सापडले. सातव्या ओळीत स्टिकरच नाही! नुसता डिंकाचा डाग, आणि नावावर पांढरी शाई. “कोण हा धांदरट!” मी ओरडलेच. बाईंनी वही मिटली. “ऑपरेशनच्या नोंदी मी बघते. तुम्ही सहाजणांना बोलवा.”

१३ मार्च
पहिला आला पोस्टमन. चार जिने चढून! “लिफ्टला रांग होती हो.” मग म्हणाला, “ताई, जरा गप्प राहा. ऐका.”

टिकटिक! हातभर अंतरावरून ऐकू आली. माझ्या वहीतली चौथी ओळ! पाच वर्षं, दिवसाला लाखभर वेळा उघडमीट — आणि आमच्या घरचं दार वर्षभरात कुरकुरायला लागतं! मी हसले, मग रडूच फुटलं. बिचारा घाबरला. तपासणीत ठणठणीत निघाला.

१४ मार्च
आज एका शिक्षिकेची बिजागरी सैल निघाली. लगेच दाखल केलं. वेळेवर कळलं, वाचेल म्हणतात.

म्हणजे पत्र खोटं नाही. आणि सातवं माणूस कुठेतरी जिने चढतंय! बाईंवर भडकले. “दोन दिवस झाले, नोंदी बघितल्यात का?” तर म्हणे, “आधी सहा होऊ देत.” दगडाच्या काळजाची बाई!

१५ मार्च
पाचवा ठीक. सहावी ठीक.

१६ मार्च
आज सकाळी बाईंनी वही पुढ्यात ओढली. पर्समधून एक स्टिकर काढून सातव्या ओळीत चिकटवला. शेजारी नाव लिहिलं — स्वतःचं. “हे आधी दिसलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी मलाच पहिली आत ढकललं असतं.”

तपासणीच्या खोलीचं दार आत्ताच लागलंय. मी बाहेर बाकावर, वही मांडीवर घेऊन बसलेय. स्थितीचा रकाना त्यांनी माझ्यासाठी कोरा सोडलाय.