कावळा शिवला त्याचं कारण

आई,

तुम्ही गुलमंडीवरून येईपर्यंत मी खुलताबादला निघालेली असेन. विहिरीतून मढी काढणारे कचरूमामा आज भेटतायत. बुडालेलं मढं किती दिवसांनी वर येतं, हे मला त्यांनाच विचारायचंय. कथा तिथंच अडलीय. भाजी झाकून ठेवलीय. बीपीची गोळी जेवल्यावर घ्या, विसरू नका.

खोक्यातली खुनाबिनांची कात्रणं बंबात घालू नका. त्यातली अर्धी आबांनीच पेपरातून कापून दिलेली आहेत.

काल मोनिकाताईंचा फोन आला, "वहिनी, लिहिणं सोडलं म्हणे!" पैठणला आबांच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. तुम्ही सगळ्यांनी काय काय कबूल करून पाहिलं. शेवटी मी पुढं होऊन हळूच बोलले आणि तो शिवला. असलं अभद्र लिहिणं सोडायचं वचन मी दिलं, असं तुम्ही भावकीत सांगत सुटलाय.

तसं काही झालेलं नाय. दवाखान्यात मी आबांना कथा वाचून दाखवायचे, आणि ते रोज विचारायचे, खुनी कोण? मी म्हणायचे, शेवटाला कळंल. शेवटापर्यंत ते थांबले नाहीत. म्हणून घाटावर पिंडाजवळ वाकून मी त्यांना खुन्याचं नाव सांगितलं. तेवढंच.

तेव्हा लिहिणं चालूच राहील.

तुम्ही विचारणार नाही, पण उद्या तुमचाही जीव त्यात अडकायला नको, म्हणून सांगून ठेवते. खून सासूनं केलाय.

तनुजा